शेंदूर फासलेला खांब

“दाब. घाबरू नकोस, शॉक नाही लागत.”

शेठ असं म्हणाला आणि हॉलमध्ये बसलेले सगळे पाहुणे माझ्याकडे वळले. मी भिंतीपाशी उभी. हात खरकट्याने बरबटलेले. मागे मोरीत आई भांडी घासत होती आणि मी तिला मदत करायला आले होते. सातवीत असेन. रविवारी शेठच्या फार्महाऊसवर पाहुणे असले की भांडी ढीगभर पडायची, म्हणून आई मला सोबत न्यायची. त्या दिवशी शेठने पाहुण्यांना सांगितलं, की समोरच्या पाड्यावर अजून लाइट नाही. पाहुण्यांना ते खरं वाटेना. वसई-विरारमध्ये? मुंबईला लागून? मग शेठ मोरीत आला आणि पुरावा म्हणून मला आत घेऊन गेला.

मी बटण दाबलं. वरचं झुंबर पेटलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. “आयुष्यात पहिल्यांदा बटण दाबतेय ही,” शेठ म्हणाला. एका बाईचं रेकॉर्डिंग राहून गेलं होतं, तिने परत दाबायला सांगितलं. मी बंद केलं, परत चालू केलं. तिने मला हसायला सांगितलं. मी हसले. मग शेठाणी उठली आणि तिने कागदी रुमालाने बटण पुसून काढलं.

खरं तर बटण मी रोज दाबत होते. शाळेत. वर्गातला पंखा लावायचं काम माझ्याकडेच होतं. पण मला कोणी विचारलंच नाही.

जाताना शेठाणीने मला केकचा तुकडा दिला. पाहुण्यांच्या पोराने अर्धा खाऊन टाकलेला, त्याच्या दातांच्या खुणा दिसत होत्या. मी तो खाल्ला. गोड होता. ती चव अजून आठवते. त्या केकची नाही, त्या टाळ्यांची किळस येते.

तेव्हा मी शेठला अहो-जाहो करायचे. इथे करणार नाही.

आमचा पाडा चिंचोटीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या पलीकडे. मोजकी कुडाची घरं. पावसाळ्यात धबधबा बघायला आलेल्या गाड्या आमच्या वाटेच्या तोंडाशी उभ्या राहतात, बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या टाकून जातात. शेठने आमच्या वरच्या अंगाची जागा घेतली, बंगला बांधला आणि मग त्याला वीज हवी झाली. रस्त्यावरून बंगल्यापर्यंत तार न्यायची तर मध्ये आम्ही.

शेठ पाड्यावर आला तेव्हा मी तिसरीत होते. बाबा घरापुढच्या खळ्यात बसले होते. बाबांचं नाव बुध्या. वयाने ते शेठहून मोठे, पण शेठ त्यांना पहिल्या दिवसापासून ‘ए बुध्या’ म्हणायचा. तुमच्या दारातून लाइट जाणार, शेठने सांगितलं, जाताजाता तुमच्या घरातही शिरणार, दारातली गंगा कोणी अडवतं का. बाबांनी होकार दिला. सगळ्या पाड्याने दिला.

आमच्यात एक रीत आहे. कोणाचं घर उभं राहत असलं की सगळ्यांनी जायचं. लाकडी मेढी रोवायच्या, कूड बांधायचं, छप्पर चढवायचं. मजुरी मागायची नाही. घरधनी जेवण आणि ताडी देतो, बस. शेठचा ट्रक ओढ्यापाशी अडला. मग आमच्या बाप्यांनी सिमेंटचे ते खांब खांद्यावर घेतले, कमरेएवढ्या पाण्यातून आणले, पहारींनी खड्डे खणले. मजुरी नाही घेतली. का घेतील? त्यांच्या लेखी ते आपल्याच घराचं काम होतं.

एक खांब आमच्या खळ्यात रोवला गेला. नारळ शेठनेच आणला होता. पूजा करा, तो म्हणाला, तुमच्या घरी लक्ष्मी येतेय. बाबांनी नारळ फोडला. भगताने खांबाला शेंदूर लावला, तांदूळ वाहिले, कोंबडं दिलं. घराची मेढ रोवतानाही आम्ही असंच करतो, म्हणून खांबालाही केलं. आणि आमच्यात एकदा शेंदूर चढला की तो देव. त्याला लाथ लागू द्यायची नाही, त्याच्यावर कोयता उगारायचा नाही. वाघबारशीला रानातल्या वाघदेवाला शेंदूर लावून झाला की बाबा घरी यायचे आणि उरलेला खांबाला लावायचे. दरवर्षी. थर चढत गेला.

तार मात्र आमच्या डोक्यावरून गेली. सरळ. कौलांच्या इतकी जवळून, की वाळवणाची काठी उचलताना आई ती आडवी धरायची. वर बंगल्याच्या माडांना खालपासून शेंड्यापर्यंत दिव्यांच्या माळा. शेठ शनिवार-रविवार यायचा, माळा सातही दिवस जळायच्या. कुत्र्याच्या खोलीला पंखा होता. आमच्याकडे रेशनचं रॉकेल यायचं, नंतर तेही बंद झालं. पाड्यावरचे लोक वीज ऑफिसात गेले तर साहेब म्हणाले, ही जागा जंगलाची आहे, तिथे लाइन देता येत नाही. बाबांनी विचारलं, मग आमच्या दारातला खांब कोणाच्या जागेत आहे? साहेबांनी बाबांना बाहेर थांबायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत थांबून बाबा घरी आले.

मध्ये एक संस्था आली. प्रत्येक घराला सूर्यावर चालणारा एकेक दिवा दिला, आमचे फोटो काढले. दुसऱ्या पावसाळ्यात दिवे मेले. फोटो अजून कुठेतरी जिवंत असतील.

आणि शेठ? तो पाहुण्यांना खाली पाड्यावर घेऊन यायला लागला, खांब दाखवायला. ही माणसं लाइटच्या खांबाची पूजा करतात, बघा. किती भोळी, किती निर्मळ. पाहुणे खांबाला हात जोडायचे, फोटो काढायचे, हसू दाबायचे. बाबा बाजूला उभे राहायचे, टोपी हातात घेऊन. पाहुणे आले म्हणून बाबांना मान वाटायचा. मला त्या पाहुण्यांची शिसारी यायची, आणि बाबांच्या त्या उभं राहण्याचीही. बापाची शिसारी येणं ही काय चीज आहे ते ज्याचं त्याला माहीत.

बारावीनंतर मी वसई पूर्वेला एका गाळ्यात कामाला लागले. प्लास्टिकच्या बरण्यांना झाकणं लावायचं काम. तिथे माझ्या शेजारी नालासोपाऱ्याची एक मुलगी बसायची. एकदा डबा खाताना तिने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. आकाशातून रात्री पृथ्वी कशी दिसते ते. आपला भाग तिने बोटांनी मोठा केला. मुंबईपासून विरारपर्यंत सगळं पांढरंफट्ट. “बघ, तुझं घर इथे कुठेतरी,” ती म्हणाली. मी बघत राहिले. माझं घर उजेडात होतं! वरून बघणाऱ्याला आम्ही दिसतच नव्हतो. आमचा अंधार शेठच्या माळांखाली झाकला गेला होता.

मग तिने चित्र सरकवलं. आफ्रिका. मोठमोठे काळे पट्टे. इतका अंधार बघून तिला गंमत वाटली. मला नाही वाटली. तिथेही कोणीतरी शेठ असेल, माझ्या मनात आलं, तिथेही कोणाच्या तरी दारावरून तार जात असेल आणि कोणत्या तरी पोरीला हॉलमध्ये बोलावून बटण दाबायला लावत असतील. मी डबा बंद केला. इतकी वर्षं मला वाटायचं, की लाइट अजून आमच्यापर्यंत पोचलेली नाही. पोचली होती. माझ्या डोक्यावरून रोज जात होती. ती आम्हाला दिली गेली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात शेठ परत पाड्यावर आला. बंगल्याचं आता रिसॉर्ट करायचं होतं. खोल्या, पोहण्याचा तलाव, एसी. जुनी लाइन पुरेना. नवी डीपी, नवे खांब. दुसऱ्या बाजूला ज्याची जमीन, त्याच्याशी शेठचं भांडण. म्हणजे परत आम्हीच. पण मधल्या काळात एक गोष्ट बदलली होती. आम्हाला वनपट्टे मिळाले होते. जमीन कागदावर आमची झाली होती. आता शेठला नुसतं सांगून भागणार नव्हतं, आमचा होकार लागणार होता. पट्टे घेऊन आम्ही वीज ऑफिसात परत जाऊन आलो होतो. या वेळी जंगलाचं नाव निघालं नाही. बघू, म्हणाले.

खांब वाटेच्या कडेला येऊन पडले. शेठ ठेकेदाराला घेऊन आला, पेढे घेऊन आला, नारळ घेऊन आला. पाडा गोळा झाला. या वेळी नक्की, तो म्हणाला, आधी माझं होऊ दे, मग तुमचं मी स्वतः जातीने बघतो. बाप्यांनी पहारी आणल्याच होत्या. रीत ती रीत.

“बुध्या, तुझ्या हाताने होऊ दे,” शेठने नारळ पुढे केला. बाबांनी दोन्ही हात पुढे केले.

मी मध्ये गेले. म्हटलं, “शेठ, आधी आमच्या घरात लाइट. मग तुझा खांब.”

बाप्यांनी पहारी खाली टेकवल्या. शेठ मात्र हसला, मायेने हसावं तसा. ठेकेदाराला माझी ओळख करून द्यायला लागला. “ही एवढीशी होती. माझ्याकडे येऊन बटण दाबलं होतं हिने. काय हसली होती! आठवतं ना गं?”

“आठवतं. म्हणूनच सांगतेय.”

बाबा पुढे आले.  “पोरी, देवाच्या कामात आडवी नको येव.”

देव. मी घरात गेले आणि कोयता घेऊन आले. आईने माझ्याकडे बघितलं आणि वाट सोडली. मी खळ्यातल्या खांबापाशी बसले आणि शेंदूर खरवडायला लागले. तेल पिऊन दगड झालेला. पापुद्रे निघत गेले. बाया तोंडावर पदर घेऊन बघत होत्या. आणि ओरडलं कोण? शेठ. “अगं काय करतेस? देवाला कोयता लावतेस? धर्म बुडवतेस?” पाहुण्यांसमोर ज्याला तो देव बघून हसू यायचं, त्याला त्या दिवशी धर्म आठवला. मी थांबले नाही. आत सिमेंट निघालं. करडं, खडबडीत.

“बाबा, हात लावून बघा,” मी म्हटलं. “हा देव नाय. हा शेठचा खांब हाय. आपल्या जागेत.”

बाबांनी हात लावला नाही. पण नारळही घेतला नाही.  मग एकेका बाप्याने पहार उचलली आणि घरी नेली.

त्यानंतर बाबा माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. भगत अजून बोलत नाही. यंदा कोणाचं जनावर मेलं तर देव कोपवला म्हणून नाव माझं निघेल, हे मला माहीत आहे. आईचं बंगल्यावरचं काम गेलं. शेठची माणसं येऊन जातात. कधी गोड बोलतात, कधी पोलिसांचं नाव घेतात, कधी एकट्यादुकट्याला गाठून सांगतात की फक्त तुझ्या घरात लाइट देतो, तू सही कर. अजून कोणी केलेली नाही. उद्या कोणी करेलही. मग मी त्याच्या दारात जाऊन बसेन.

आमच्या घरात अजून लाइट नाही. हे लिहिताना शेवट गोड करावा असं कोणी म्हटलं तर मी करणार नाही, कारण तो झालेला नाही. खांब वाटेवर पडून आहेत, त्यांच्यावर वेली चढल्यात. रिसॉर्टचा तलाव खणून कोरडा पडलाय.

शेवटचा निरोप शेठने माझ्यासाठीच पाठवला होता. विचार कर, अंधारात राहून तुमचंच नुकसान आहे. मी त्याच माणसाकडे उलट निरोप दिला. सगळ्या घरांत आधी. एकही घर मागे ठेवायचं नाही. तोवर आमच्या जमिनीत पहार लागणार नाही. अंधारात राहायला आम्हाला येतं, शेठ. तुला येत नाही.