सभा होऊ दे, मग पाहू

दुसऱ्याच्या पोटातलं खरं बाहेर काढायचं, हे माझं काम. त्यात मी पटाईत आहे, असं लोक म्हणतात. माझ्या पोटातलं एक खरं मात्र मी आजवर कुणाला दिसू दिलेलं नाही — बायकोला नाही, विहारात डोळे मिटून बसलो तेव्हा स्वतःलासुद्धा नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी वाचा अजूनही बसते.

मी पूर्वी प्यायचो. हे सांगायची मला लाज नाही. उलट त्याच्यावरच माझं पोट चालतं. कापसानं जिल्ह्याचं कंबरडं मोडलं त्या वर्षांत यवतमाळात माणसं सावरायला निघालेल्या संस्थांचा सुकाळ झाला होता. त्यातल्या एकीनं मला, दारू सुटलेला माणूस म्हणून, प्रशिक्षण दिलं आणि बाभुळगावकडच्या खेड्यांत धाडलं. हुद्दा होता लाइफ कोच. पहिल्याच गावात एका म्हातारीनं विचारलं, "कोन्त्या लग्झरीवर हायेस बाप्पा?" कोच म्हणजे तिला लग्झरी बस वाटली होती. तेव्हापासून आम्ही स्वतःला सोबती म्हणवून घेऊ लागलो.

काम तसं साधं. दारू सोडून व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या माणसाबरोबर राहायचं. त्याच्यासोबत लग्नाला जायचं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, त्याला एकटं सोडायचं नाही, रिकामी संध्याकाळ कशानं भरायची हे त्याच्याच तोंडून काढायचं. प्रवचन द्यायचं नाही. आणि नियम एकच, पण सगळ्यांच्या वरचा — पाय घसरला तर सगळ्यात आधी सोबत्याला सांगायचं. सोबत्यानं रागवायचं नाही. हातातलं काम टाकून त्याच्याजवळ बसायचं आणि विचारायचं, काय झालं? हे मी इतक्या जणांना सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

प्रल्हाद माझा माणूस होता. फवारणीचे पंप दुरुस्त करायचा, रस्त्यालगत टिनाच्या टपरीत. पंचक्रोशीतला गळका पंप त्याच्याकडे यायचा. प्यायला लागला की हीच टपरी आठवडाभर बंद असायची. केंद्रातून आला आणि बदलला तो — खरंच बदलला. हात थरथरायचे थांबले. शीलावहिनी, म्हणजे त्याची बायको, पुन्हा हसायला लागली. माझ्या बोलण्यानं तो सुधारला, असं मी चारचौघांत सांगायचो. खरं तर तो आपला आपणच उभा राहिला होता. मी नुसता शेजारी होतो. पण शेजारी उभं राहणाऱ्यालाही फोटोत यायचं असतंच की.

त्या साली संस्थेला मदत करणारे पाहुणे येणार होते. सभा आमच्या विहारात ठेवली. प्रल्हादनं उठून आपली कहाणी सांगायची, त्याला शाल द्यायची, मग पाहुण्यांचं भाषण. यवतमाळच्या कार्यालयात नव्या सोबत्यांना शिकवायची जागा निघाली होती आणि ती कुणाला द्यायची ते सभेनंतर ठरणार होतं. मला ती हवी होती. इतकी हवी होती की त्या दिवसांत मी प्रल्हादकडे पाहायचो तेव्हा मला माणूस दिसत नव्हता, सभाच दिसत होती.

सभेच्या सकाळी मी विहारात सतरंज्या अंथरत होतो. तो आला. दारातच उभा राहिला. दाढी केलेली, पांढरा सदरा — आणि तोंडाला तो वास. आम्हा लोकांना तो वास चुकवता येत नाही.

"भाऊ, काल घेतली म्या. शीलाले मालूम नाही अजून. पह्यले तुमालेच सांगून राह्यलो." मग म्हणाला, "तो गजाननचा पंप —"

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. काय झालं, हे विचारलं नाही. जे दोन शब्द विचारण्यासाठी मला पगार मिळत होता ते दोन शब्द! मी काय म्हणालो, ठाऊक आहे? "आज गप राय. तोंड धू, वास जायले सोप खा. सभा होऊ दे, मंग पाहू."

तो माझ्याकडे बघतच राहिला. रागानं नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. दारातून लहान पोराला परत पाठवावं तसा तो मान खाली घालून निघून गेला.

सभा झाली. आधी सगळ्यांनी उभं राहून पंचशील म्हटलं. पाचवं शील आलं, मद्यापासून दूर राहायचं, आणि माझ्या शेजारचा प्रल्हादचा आवाज थांबला. मी माझा आवाज चढवला. त्याचं थांबणं कुणाला कळू नये म्हणून चढवला. मग तो बोलला, ठरल्याप्रमाणे. दारू सोडली म्हणाला. शीलावहिनी बायकांत बसून पदरानं डोळे पुसत होती. पाहुणे उठून उभे राहिले. टाळ्या!

मग पाहू, असं म्हणालो होतो ना मी? पाहिलंच नाही. जागा मला मिळाली, यवतमाळला जाणं-येणं वाढलं. टपरी बंद दिसायची आणि माझी मोटारसायकल तिथे हटकून जोरात जायची. गजानन त्याचा लहानपणचा मित्र, हे मला नंतर गावातून कळलं. प्रल्हादनं दुरुस्त केलेला पंप पाठीवर घेऊन त्यानं सभेच्या काही दिवस आधी फवारणी केली होती, विषबाधा झाली, दवाखान्यातून परत आला नाही. औषध पंपातून पाठीवर झिरपलं की वाऱ्यानं अंगावर आलं, कुणालाच सांगता येत नव्हतं. प्रल्हाद मात्र मनाशी ठरवून बसला होता. एवढं ओझं घेऊन तो माझ्याकडे आला होता आणि मी त्याला बडीशेप खायला सांगितली.

कापूस वेचणीच्या दिवसांत तो नाल्याच्या पुलावरून खाली पडला. प्यायलेला होता. पडला, असं सगळे म्हणतात. मीही तसंच म्हणतो.

इथवरचं कदाचित मी कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. भ्याडपणा म्हणून, चूक म्हणून. पुढचं सांगवत नाही.

प्रल्हादच्या मातीनंतर शीलावहिनी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "माह्यापासून लपवलं ते समजते, भाऊ. पन तुमच्यापासून काहून लपवलं असन त्यायनं? काहीच बोल्ले नाही का तुमाले?"

चार माणसं ऐकत होती. संस्थेचे साहेबही होते. विचार करायला वेळ लागला, असंही म्हणता येत नाही. लगेच तोंडातून आलं — "नाही वहिनी. मले काहीच सांगतलं नाही त्यानं."

तिनं मान डोलावली. त्या क्षणापासून प्रल्हाद तिच्यासाठी खोटारडा झाला. सभेतली शाल तिनं कुणाला तरी देऊन टाकली. सगळ्या गावासमोर फसवलं म्हणायची. मी ते ऐकून घेतलं. नुसतं ऐकलं असतं तरी एक वेळ... पण मी ते वापरलं. नव्या सोबत्यांना शिकवताना, दारू सोडून आलेल्या माणसांना समजावताना मी आवाज खाली आणून सांगतो — माझा एक माणूस होता, त्यानं माझ्यापासून लपवलं, म्हणून गेला. ऐकणारे पुढे सरकून बसतात. फार चांगला परिणाम होतो या गोष्टीचा.

शीलावहिनी आता स्वतःच गावोगावच्या बायकांना घेऊन माझ्याकडे येते. परवाही आली. बरोबर एक कोवळी पोरगी, मागे तिचा नवरा, जमिनीकडे बघत. वहिनी त्याला म्हणाली, "यायले सारं सांगत जाय, बाबा. आमच्या मानसानं यायले एका शब्दानं सांगतलं असतं, तं आज जिता असता."

मी त्या माणसाला खुर्ची दिली. समोर बसलो आणि विचारलं, काय झालं?