पाचाच्या नोटेवरचा ट्रॅक्टर

माझे वडील कळसमधल्या एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. तेव्हा गावात ट्रॅक्टर मोजकेच होते. ऊस तुटून गेला की नांगरटीला आणि कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या ओढायला आबांना सगळीकडून बोलावणं यायचं. संध्याकाळी ते घरी आले की डिझेलचा वास त्यांच्याआधी दारात यायचा. तो वास मला अजून आवडतो. पेट्रोल पंपावर नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसलेली असते तेव्हा मी मुद्दाम डिझेलच्या बाजूला तोंड करते.

आम्ही लहान होतो तेव्हाच्या बऱ्याच नोटांवर माणसाचा मोठा फोटो नसायचा. पुढे तीन सिंह, मागे काहीतरी चित्र. दहाच्या नोटेवर मोर, विसाच्या नोटेवर रथाचं चाक. पाचाच्या हिरवट नोटेवर मात्र शेत नांगरणारा ट्रॅक्टर होता. मागे डोंगराआडून सूर्य उगवतोय आणि ट्रॅक्टरवर एक माणूस बसलाय. मी पहिल्यांदा ती नोट हातात नीट धरून पाहिली तेव्हा आबा जेवत होते. भाकरी मोडता मोडता ते सहज म्हणाले, "मीच हाय त्यो."

मी आईकडे पाहिलं. आईनं नोट उजेडात धरली. "तोंड कुठं दिसतंय त्याचं? कुणीबी असंल."

"कुणीबी कसं? आपल्या मळ्याच्या वरच्या अंगाचा डोंगर हाय की मागं."

आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला डोंगर नव्हता, साधा माळ होता. पण आबा हे इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगत की ऐकणाऱ्याला क्षणभर माळाचा डोंगर दिसायचा. ही गंमत त्यांनी पारावर सांगितली, गुऱ्हाळावर सांगितली, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली. गावानं त्यांना 'पाचवाले' म्हणायला सुरुवात केली. दुकानात कुणी पाचाची नोट काढली की दुकानदार विचारायचा, "पाचवाल्यांना इचारलं का मोडायच्या आधी?" आबा तिथं असले तर मान डोलवून परवानगी द्यायचे. नंतर नोटांवर पुढे फोटो आला, पाचाची नोटच दिसेनाशी झाली, तिच्या जागी नाणं आलं. गावानं हाक मात्र बदलली नाही.

आई गेल्यावर आबा कळसच्या घरात एकटे राहिले. धाकटा भाऊ पुण्यात, मी बारामतीत. मी इथं शाळेत शिकवते, नवरा एमआयडीसीत दुधाच्या प्लांटमध्ये आहे. आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्यांना आमच्या फ्लॅटवर आणलं आणि नंतर परत जाऊच दिलं नाही. ते रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाचा आवाज ऐकून नुसते "हं" म्हणायचे.

त्या दिवसांत नोटांवर कुणाचा फोटो असावा यावरून टीव्हीवर मोठा गदारोळ चालू होता. एका नेत्यानं देवांचे फोटो छापा म्हटलं, दुसऱ्यानं महाराजांचा छापा म्हटलं, तिसऱ्यानं आणखी कुणाचा. रोज संध्याकाळी चौकटीत सहा माणसं एकदम ओरडायची. आबा आवाज बंद करून ते बघत बसायचे.

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो. नवऱ्याच्या आग्रहानं आबा तिथं जायला लागले होते, पण बोलायचे कमी. कट्ट्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका येतात, त्यांना सगळे बाई म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब येतात. आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक काका, ज्यांचा आवाज जिन्यातून वरपर्यंत ऐकू येतो. त्या दिवशी मी भाजी घेऊन परत आले तर तिथंही तीच चर्चा पेटली होती.

काका म्हणत होते, "लक्ष्मी आणि गणपती. पैसा म्हणजे लक्ष्मीच ना?"

"आणि ती नोट मटणाच्या दुकानात द्यायची?" साहेब म्हणाले. "आहे तोच फोटो राहू द्या. जगात त्या चेहऱ्याला ओळखतात."

"सगळे पुरुषच का पण?" बाई म्हणाल्या. "मुलींसाठी पहिली शाळा काढली, त्या बाईंचा छापा. त्यांच्यामुळे मी शिकले."

काकांनी महाराजांचंही नाव पुढे केलं, मग साहेब राज्यघटनेवर गेले, मग कुणाच्या मनात कुणाच्या जातीचा विचार आहे हे न बोलता सगळ्यांना कळायला लागलं आणि आवाज चढले. बाईंनी विषय बदलायचा म्हणून आबांकडे वळून विचारलं, "आबा, तुम्ही सांगा. कुणाचा असावा?"

"कुणाचाच नगं," आबा म्हणाले. "आदी कुठं हुता? पाचाच्या नोटंवर ट्रॅक्टर हुता. त्येच्यावर मीच बसल्यालो हुतो."

कुणी हसलं नाही. कळसमध्ये या वाक्याला गेली कित्येक वर्षं हशा पिकत होता. इथं साहेबांनी काकांकडे पाहिलं आणि काका खाली बघायला लागले. बाई फार मायेनं म्हणाल्या, "हो का? छान हं."

आबांना ते कळलं. त्यांनी गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं आणि लिफ्टकडे गेले. मी पिशव्या उचलून त्यांच्यामागे निघाले तर बाईंनी मला हात धरून थांबवलं. "तू एकदा डॉक्टरांना दाखव त्यांना. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी अशाच काहीतरी गोष्टी सांगायची."

मला त्यांना सांगायचं होतं की ती गंमत आहे, आमच्या घरातली जुनी गंमत. पण मी नुसती मान हलवली. लिफ्टचं दार उघडं होतं. आबांनी ऐकलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून ते खाली गेले नाहीत. साहेब दोनदा दारापर्यंत येऊन गेले, तरी नाही. मी म्हटलं, "आबा, त्यांना माहीत नव्हतं म्हणून."

"त्येंची काय चूक न्हाय," आबा म्हणाले. "हितं मला कोन वळखतंय? मानसाला म्हायती असल्याशिवाय गंमत कशी कळंल? तू मला कळसला सोड."

रविवारी मी आबांना घेऊन गेले. घराचं कुलूप गंजलं होतं, ते शेजारी राहणाऱ्या चुलतभावानं तेल घालून उघडलं. मी झाडलोट करत होते तोवर आबा पारावर गेलेसुद्धा. तासाभरानं मी त्यांना जेवायला बोलवायला गेले, तर लांबूनच हसण्याचा आवाज आला. त्यांच्या बरोबरीची चार-पाच माणसं होती आणि विषय नोटांचाच होता.

"पाचवाले, तुमी सरकारला कळवा की, माजा फोटू परत घाला म्हनून."

"मी कशाला कळवू? त्येंनीच इचाराया पायजे मला."

"मग धाच्या नोटंवर आमच्या तालमीच्या वस्तादांचा घाला," एकजण म्हणाला. दुसऱ्यानं आपल्या मेलेल्या खिलारी बैलाचं नाव सुचवलं. त्यावर तर सगळे गंभीर झाले, कारण तो बैल खरंच त्या तोलाचा होता. महाराज आणि देव यांचंही निघालं, पण तिथं कुणी कुणाशी भांडलं नाही. मी तिथंच बाभळीखाली उभी राहिले. आबांना मी कितीतरी महिन्यांनी हात हवेत नाचवत बोलताना बघत होते. जेवण निवेपर्यंत मी त्यांना हाक मारली नाही.

संध्याकाळी मी बॅग भरायला घेतली तेव्हा ते म्हणाले, "माजी कापडं र्‍हाऊ दे हितं."

मी वाद घातला. डोळ्यांत औषध कोण घालणार, रात्री काही झालं तर कोण आहे, लोक मला काय म्हणतील. शेवटी चुलतभावाची बायको म्हणाली, "ताई, जेवायचं आमच्याकडं. औषध मी घालीन. भिंतीला भिंत हाय." मी एकटीच परतले आणि एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं केलंस." तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

बाईंनी काही दिवसांनी जिन्यात विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" मग मी त्यांना सगळं सांगितलं, आईचं बोलणं, माळाचा डोंगर, दुकानदार, सगळं. बाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मी त्यांना वेडं ठरवलं." आणि मग, "मला घेऊन चल एकदा."

हिवाळ्यात मी त्यांना घेऊन गेले. आबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि झाल्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. बाईच म्हणाल्या, "आबा, मला तुमचा ट्रॅक्टर बघायचाय." जुना ट्रॅक्टर केव्हाच भंगारात गेला होता. चुलतभावाचा नवा, निळा अंगणात उभा होता. बाईंनी पदर खोचला आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत पायरीवर पाय ठेवला. आबांनी खालून आधार दिला. "डावा पाय क्लचवर. दाबा. आता गिअर." बाईंनी बंद ट्रॅक्टरचे सगळे गिअर टाकून पाहिले. सत्तरी ओलांडलेली बाई स्टिअरिंग घट्ट धरून उसाच्या रानाकडे बघत बसली होती.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"उंच," बाई म्हणाल्या.

आता टीव्हीवर तो विषय निघत नाही. आबा कळसलाच आहेत, डोळे बरे आहेत, गुडघे दुखतात. मी महिन्यातून दोन रविवार जाते. कधी बाई बरोबर येतात, आणि मग त्या दोघांचं बोलणं ऐकत मी शेंगा निवडत बसते. नोटेवर पहिली शाळा काढणाऱ्या बाईंचाच फोटो हवा, या मतावर बाई अजून ठाम आहेत. आबा म्हणतात, "छापा की, माजं काय म्हननं न्हाय," आणि त्यांना आणखी चहा ओततात.