अकरा ठिकाणं राहिली

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, रडून मोकळा हो. रडलो. मोकळा झालो नाही. तिला मी एक खोटं सांगितलं होतं आणि ते कबूल करायच्या आत ती गेली.

आम्ही मेंढरंवाले. औंढ्याच्या अलीकडं आमचं गाव. दिवाळी झाली की मेंढरांची खांड घेऊन बाहेर पडायचं, लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, पावसाच्या तोंडाला परत यायचं. तीस वर्षं आम्ही दोघं असं चाललो. मूलबाळ झालं नाही. नव्वद सालाच्या पुढं माझा गुडघा गेला, तेव्हा खांड विकली. थोडे पैसे पोस्टात ठेवले. पोस्टानं एक कागद दिला आणि सांगितलं, याला हात लावू नका, काही वर्षांनी दुप्पट होतील. झालेबी. त्यातून घरावर पत्रे टाकले.

बाकीचे पैसे घरात होते. हिंगोलीच्या मोंढ्यात आमची लोकर घेणारा एक व्यापारी होता. त्याचा मुनीम त्या काळात कंपन्यांचे फॉर्म घेऊन फिरायचा. एकदा त्यानं मला गाठलं, तेव्हा बायको संग होती. मुनीम म्हणाला, "मामा, शेअर म्हंजे मेंढीच समजा. मेंढी तुमचीच राहते, अन् दरसाल लोकर घरपोच येते. तिला डिव्हिडंड म्हणतात."

"चारा कोण घालतं?" बायकोनं विचारलं.

"कंपनी."

"अन् लांडगा आला तर?"

मुनीम हसला. आम्हीबी हसलो आणि तिच्या अंगठ्याशेजारी मी माझी सही केली. चौथीपर्यंत शिकलेलो, तेवढी सही येते.

पैसे मी गुंतवले, पण स्वप्न तिचं होतं. घरात बारा ज्योतिर्लिंगांची एक तसबीर होती, औंढ्याच्या दुकानातून आणलेली. ती तसबिरीवर बोट ठेवायची. "एक आपल्या दारात हाय. राहिली अकरा." यात्रेची बस तिला नको होती. म्हणायची, "उतरा म्हणलं की उतरायचं, चढा म्हणलं की चढायचं. मी काय मेंढरू हाय? एकेका ठिकाणी मन भरंस्तोर राहायचं. केदारला नुसतं ऊन खात बसायचं. जन्मभर मेंढरांच्या ढुंगणाकडं बघत चालले, आता म्होरं बघत चालायचंय."

मी म्हणायचो, "परळी जवळ हाय. एसटीनं सकाळी गेलं की झालं. चल, दावून आणतो."

"तोडून तोडून न्हाई जायचं. निघायचं तर एकदाच. दीड वर्ष घराला कुलूप."

पहिला कागद आला तेव्हा पोस्टमन म्हणाला, "वॉरंट आलंय."

ती कपाळावर हात मारून उठली. "काय केलं ओ तुमी? पोलिस येऊन राहिले का आता?"

पोस्टमननं समजावलं की हेच ते डिव्हिडंड. इंग्रजीत छापलेला कागद. त्यावरचा आकडा बारका होता, पण पोस्टाच्या कागदावरचा आकडाबी बारकाच होता. ठेवला की वाढतो, असं पोस्टानं सांगितलं होतं, आणि पुढं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंबी. तिनं त्याला हळदकुंकू लावलं, लक्ष्मीपूजनाला देवापुढं ठेवला आणि मग तांब्याच्या नव्या लोट्यात घालून पेटीत टाकला. तो लोटा प्रवासाचा. ठिकठिकाणचं पाणी त्यातून आणून नागनाथाला घालायचं होतं. पुढं दरसाल एक कागद येत गेला, हळदकुंकू लागत गेलं. मग कागद यायचे थांबले. आम्ही म्हटलं, पेटीतले वाढून राहिलेत ना, बास.

नंतर तिच्या पोटात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. तिला कोणी सांगितलं नाही, पण ती खुळी नव्हती. एका सकाळी म्हणाली, "आता काढा ते कागद. उन्हाळ्यात निघू."

मी लोटा घेऊन हिंगोलीला बँकेत गेलो. तिथल्या बाबूनं कागद पसरले, बोटाला लागलेली हळद पुसली. "बाबा, हे तीन महिन्यांत खात्यात भरायचे असतात. हे तर कधीचे मेलेत. काहून ठेवले?"

"वाढतील म्हणून. बायकोला बारा ज्योतिर्लिंगं करायचीत."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "हे वाढत नसतात. अन् सगळे वेळेवर भरले असते तरी तुमचं दोघांचं परळीला जाणंयेणं झालं असतं, जास्ती न्हाई." मुनीमाकडून कंपनीला पत्र लिहवलं. ते तसंच परत आलं. कंपनीच जागेवर नव्हती. लांडगा आला होता.

पण पत्र परत यायच्या आधीचं सांगतो. त्या दिवशी बँकेतून घरी आलो तर ती उंबऱ्यातच बसलेली. पैसे किती हे तिनं विचारलंच नाही. "किती दिवसांचं झालं?" म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "वर्षभराचं."

तिचा चेहरा उजळला. थोडा वेळ काहीतरी हिशेब करत बसली. मग म्हणाली, "आपल्याला तर दीड वर्ष पाह्यजे. मंग घाई काहून? राहू द्या अजून एक साल. वाढतील."

मी म्हणालो, "व्हय."

एवढंच. खरं सांगितलं असतं तर तिनं मला शिव्या घातल्या असत्या, तासभर. मग उठून म्हणाली असती, चला परळीला. शेळ्या होत्या दोन, विकता आल्या असत्या. चालत होती ती तेव्हा. एसटीत बसू शकत होती. पण मला तिच्या तोंडावरचा तो उजेड मोडवला नाही, आणि खरं म्हणजे सुटल्यासारखंबी वाटलं. पुढच्या दिवाळीच्या आत ती गेली.

लोकर वेळेवर कातरली नाही तर बोरीबाभळीच्या काट्याला लागून जाते, मेंढरावर राहत नाही. हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत होतं. मुनीमानं तर लोकर म्हणूनच सांगितलं होतं.

आता मी औंढ्याला जातो तेव्हा देवळाच्या बाहेरच बसतो. लोटा घरी आहे. त्यात अजून पाणी पडलेलं नाही. परळीची एसटी समोरून जाते. एकदा कंडक्टरनं विचारलं, "बाबा, यायचं का?"

मी म्हणालो, "न्हाई. एकट्याचं काही काम न्हाई तिथं."