चौथ्या दिवसाचं पान

वहीमावशीचं खरं नाव विचारलं, तर तिलाच आठवायला वेळ लागायचा. सुईणपणात तिची हयात गेली. अर्ध्या गल्लीला पहिली अंघोळ तिनेच घातलेली, म्हणून भल्याभल्या मिशीवाल्यांनाही ती खुशाल ‘काय रे लंगोट्या’ म्हणायची आणि उलट बोलायची कुणाची टाप नव्हती. पिशवीत कात्री, दोरा, साबण आणि मेणकापडाचं कव्हर घातलेली जाडजूड वही. बाळ पुसून आईच्या कुशीत दिलं, की मावशी हात धुऊन लिहायला बसलीच.

आणि लिहायची तरी काय! मुलगा की मुलगी, एवढं तर कुणीही लिहील. हिच्या नोंदी बघा: ‘मुलगी. कळा आल्या तेव्हा बाई भिंतीला चुना देत होती. उरलेला कोपरा पुरा करूनच आत आली.’ ‘मुलगा. नवऱ्याला घेरी आली, आधी त्यालाच पाणी पाजलं.’ ‘पाचवी खेप. म्हणाली, मावशी, घाई नको, तेवढंच आडवं पडायला मिळतंय.’

वहीचा आणखी एक उपयोग होता. सासवा माणसाचं ऐकत नसत, पण लिहिलेलं म्हटलं की नरम पडत. मावशी चष्मा चढवून खणखणीत वाचायची, “बाळंतिणीने एकवीस दिवस जड काम करू नये, गार पाण्यात हात घालू नये.” वहीत असलं अक्षरही नव्हतं! पण त्या सासवांना वाचता कुठे येत होतं? तीस वर्षं थाप बिनबोभाट चालली.

मग लाँड्रीवाल्यांची सून बाळंत झाली. रक्त फार गेलं, जीव थोडक्यात वाचला. चौथ्या दिवशी मावशी बघायला गेली, तर खाट रिकामी आणि पोरगी हौदाच्या कठड्याला धरून उभी! ओठ पांढरेफटक, हातात ओली चादर.

“अगं, मारतेस का हिला?” मावशी सासूवर कडाडली.

“चाळीस चादरी आहेत, मावशी. त्या काय बाळ धुणार?” सासू म्हणाली. “आम्ही नाही उभ्या राहिलो?”

मावशीने वही काढली. “हे बघ काय लिहिलंय. एकवीस दिवस...”

“थांबा. आता आमच्याकडेही वाचणारं माणूस आहे.” सासूने इस्त्रीच्या टेबलाकडे हाक मारली. “ये गं, वाच बघू.”

सासूची धाकटी लेक नुकतीच शाळेत शिकवायला लागली होती. मावशी वही मागे घेणार, तोवर तिने ती घेतलीही. थाप उघडी पडली, तर उद्यापासून कोण ऐकणार? आणि ही बाळंतीण आज संध्याकाळपर्यंत तरी टिकेल का?

लेकीने पान वाचलं. आईकडे बघितलं. मग मोठ्याने वाचायला लागली.

“‘लाँड्रीवाल्यांची सून. पहिला मुलगा. चौथ्या दिवशी हौदावर उभी. दोनदा पडली. तिच्या सासूला सांगितलं, ऐकलं नाही. ही म्हणाली, मावशी, तुमच्या वहीत तरी लिहून ठेवा, की मला उभं राहवत नव्हतं.’”

ते पान तीस वर्षांपूर्वीचं होतं. त्याच दिवशी मावशीने ती थाप रचली होती आणि तेव्हापासून घरोघरी वही उघडायची ती याच पानावर. शिवण इतकी सैल झालेली, की वही आपोआप तिथेच उघडायची.

सासूने पदराने नाक पुसलं. “लिहिलंत होय तुम्ही?” मग वहीकडे बोट करून, “आणि ते एकवीस दिवसांचं?”

लेकीने मावशीकडे बघितलं. “आहे ना, आई. खाली. बारीक अक्षरात.”

सासूने सुनेच्या हातातली चादर ओढून घेतली. “जा, पड जा. आणि तो कुठे उलथलाय? ए, ये इकडे! तुझ्याच पायी दोनदा पडले होते मी. धर दुसरं टोक, पीळ!” तीस वर्षांचा बाप्या मुकाट्याने चादर पिळायला लागला.

मावशी सुनेला खाटेवर निजवून, बाळाला तिच्या कुशीत सरकवून बाहेर आली. पायरीवर बसून तिने ते पान उघडलं आणि अगदी तळाशी, जितकं जमेल तितक्या बारीक अक्षरात, एकवीस दिवसांचा नियम एकदाचा लिहून टाकला.