आत्याबाईंनी नेलेली टाकी

शनिवारी सकाळी केलेपी तोंड धुवायला बाहेर आला तेव्हा व्हरांड्यात गॅसच्या टाकीच्या जागी फक्त तिच्या बुडाची गोल खूण उरली होती.

"तोकिलुपे! निळी टाकी कुठंय?"

बायकोनं आत हातातलं भांडं खाली ठेवलं. 

"काल तू चर्चच्या कॉयरच्या तालमीला गेलास ना, तेव्हा आत्या आल्या होत्या," ती दारात येऊन म्हणाली. "बघितली, म्हणाल्या छान आहे, आणि घेऊन गेल्या. उद्या मोठे पाद्रीबुवा सपत्नीक जेवायला आहेत त्यांच्याकडे. केक करायचाय. केक काही जमिनीतल्या भट्टीत होत नाही म्हणाल्या."

"आणि तू नेऊ दिलीस?"

"मग काय अडवू? तू अडवलं असतंस?"

 केलेपीनेही अडवलं नसतं. मेलेसेइनी आत्या त्याच्या वडिलांची थोरली बहीण. बेटाच्या रिवाजानं भावाच्या मुलांच्या घरातलं जे तिला आवडेल ते तिचं. मग ते डुक्कर असो, चटई असो, नाहीतर अंगावरचा शर्ट. तिनं नेलेलं परत मागायचं नसतं. मागायचं मनात आलं तरी माणूस खाली मान घालतो.

चूक त्याचीच होती. पंधरा वर्षं तो नेयाफूच्या बंदरात थांबलेल्या शिडाच्या बोटींना डिझेल आणि गॅस पुरवत होता. डिझेलची पिंपं छोट्या होडीतून न्यायची, जुन्या सुती कापडातून गाळून कॅनमध्ये ओतायची, म्हणजे गाळाचा कण इंजिनात जात नाही. रिकाम्या टाक्या गोळा करून गावाबाहेरच्या गॅस डेपोत भरून आणायच्या. त्याच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाक्या जोडायच्या बारा-तेरा पितळी तोट्या होत्या, जाणाऱ्या बोटवाल्यांनी एकेक करून दिलेल्या. फ्रान्सच्या टाकीचं तोंड वेगळं, अमेरिकेच्या टाकीचं वेगळं, नॉर्वेचं तर विचारूच नका. केलेपी स्वतः राजधानी नुकुआलोफाच्या पलीकडे कधी गेला नव्हता, पण डोळे मिटून तोंडावरून बोट फिरवलं तरी टाकी कुठल्या देशाची ते सांगायचा. भरलेल्या टाक्या तो नेहमी धक्क्यावरच्या मासळीच्या शेडमध्ये ठेवायचा. काल तालमीला उशीर होत होता म्हणून घरी आणली, एवढंच.

तीही नेमकी यानेकेची. तीन आठवडे गॅसचं जहाजच आलं नव्हतं, ते काल आलं तेव्हा कुठे ही भरून मिळाली. यानेके आणि तिचा नवरा बर्ट, दोघंही साठीपुढची, हॉलंडहून निघालेली. त्यांच्या बोटीवरची दुसरी टाकी संपत आली होती, आणि न्यूझीलंडपर्यंत दहा दिवसांचा समुद्र. कस्टमचे कागद शुक्रवारीच झालेले. आज तीन वाजता निघायचं, कारण वारा तेवढ्यापुरताच बरा होता. उद्या रविवार, रविवारी बेटावर कोणी काही विकत नाही, भरत नाही, वाहत नाही. बेटावरची दुसरी कुठलीही टाकी त्यांच्या बोटीच्या अरुंद कप्प्यात मावली नसती. "दोन वाजता धक्क्यावर आणतो," असं केलेपीनं सांगितलं होतं. पंधरा वर्षांत त्याचा शब्द एकदाही खाली पडला नव्हता. आणि बर्टच्या पोटाचं दुखणं होतं. गरम पेजेशिवाय त्याला काही पचत नसे.

तो शर्ट चढवत होता तोच आत्यांची शेजारीण फाटकातून ओरडली, "केलेपी, तुला बोलावलंय! तुझ्या त्या पितळी चिजा घेऊन ये म्हणे. टाकी शेगडीला बसत नाही!"

तोकिलुपेनं नवऱ्याकडे पाहिलं. "नाहीच बसत असं सांग ना."

"आत्यांशी खोटं बोलू?"

"मग जा, बसवून ये," ती म्हणाली, आणि पटकन आत गेली, कारण तिचे डोळे भरले होते.

आत्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. धिप्पाड बाई, मांडीवर पंखा. टेबलावर पीठ, साखर आणि बारा अंडी. केलेपीनं चपला बाहेर काढल्या आणि खाली फरशीवर बसूनच काम सुरू केलं. डब्यातली हॉलंडची तोटी काढली, फिरवली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं. काडी ओढली. बोटभर निळी ज्योत उभी राहिली. त्यानं ती बंद केली आणि तिथेच बसून राहिला.

"झालं?"

"झालं, आत्या."

"मग असा का बसलायस, अंत्ययात्रेला आल्यासारखा?"

"काही नाही."

"काही नाही म्हणे. लहानपणी माझी पपई फोडलीस तेव्हाही असाच बसला होतास. ही टाकी कोणाची?"

"तुमची."

"माझी झालीय ते मला कळतं रे, मी नेली ना! आधी कोणाची होती?"

मागायची बंदी होती. विचारल्यावर सांगायची नव्हती. केलेपीनं सांगितलं. बर्टचं पोट, दहा दिवसांचा समुद्र, तीन वाजता. सांगताना तो फरशीकडेच पाहत होता, आणि परत द्या असं एका शब्दानं म्हणाला नाही.

आत्यांचा पंखा थांबला.

"तुझ्या बायकोला तोंड नव्हतं काल?"

"तुमच्यापुढे कोणाला असतं, आत्या?"

त्या आधी रागावल्यासारख्या दिसल्या, मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "मेल्या! पाणी दे." पाणी पिऊन त्यांनी टाकीकडे बराच वेळ पाहिलं. "माझी वस्तू आहे. मी ती कोणालाही देईन. त्या बाईला भेट देईन. गाडी आण."

"आणि केक?"

"तू सांग."

"माझ्या घरची भरलेली टाकी आणतो."

"तुझ्या घरची कशी? तीही माझीच," आत्या म्हणाल्या, आणि कपडे बदलायला आत गेल्या.

दोन वाजता मेलेसेइनी आत्या धक्क्यावर उभ्या होत्या, काळा झगा, कमरेला चर्चला जाताना बांधायची नक्षीची चटई. टाकी त्यांनी झाडाच्या सालीच्या रंगवलेल्या कापडात गुंडाळायला लावली होती. भेट उघडीबोडकी देतात का? यानेके आणि बर्ट रबरी होडीतून आले. आत्यांनी भाषण सुरू केलं. समुद्राबद्दल, देवाबद्दल, आयांबद्दल. केलेपी वाक्यावाक्यानं भाषांतर करून सांगत होता.

"त्या म्हणतात, ही टाकी त्यांच्याकडून तुम्हाला भेट."

तेवढ्यात वाऱ्यानं कापड सरकलं. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात बोटीचं नाव स्पष्ट दिसलं, बर्टनंच रंगवलेलं. बर्टचं तोंड उघडलं. "पण ही तर आप..."

यानेकेचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं. तिनं टाकीकडे पाहिलं, मग केलेपीच्या चेहऱ्याकडे. चार महिने ती या बंदरात होती. लग्नात, चर्चच्या सभागृहात तिनं बायकांना भेटवस्तू डोक्याला लावून घेताना पाहिलं होतं. भरलेली टाकी तिला उचलण्यासारखी नव्हती. ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं आपलं पांढरं डोकं वाकवून टाकीवर टेकवलं.

आत्यांनी डोळ्यांना पदरासारखा झग्याचा कोपरा लावला. 

मग यानेके "थांबा, थांबा" म्हणत होडीतून बोटीवर गेली आणि केकचं एक जुनं भांडं घेऊन आली, कडांना पाकळ्या असलेलं, मधे भोक असलेलं. आत्यांनी ते दोन्ही हातांनी डोक्याला लावलं. "असला केक पाद्रीणबाईंनी जन्मात पाहिला नसेल," त्या केलेपीच्या कानात म्हणाल्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी शीड वर गेलं. बोट खाडीच्या तोंडाशी वळेपर्यंत केलेपी धक्क्यावर उभा राहिला. मग आत्यांना घरी सोडून, आपल्या घरची टाकी त्यांच्या शेगडीला बसवून तो परतला.

अंगणात तोकिलुपे नारळाच्या सोडणांचा जाळ फुंकत होती. धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी तिनं वर पाहिलं. "सकाळी मला म्हणालास, नेऊ का दिलीस. मी एक नेऊ दिली. तू?"

"सकाळी निळी बसवून दिली, आता आपली. दोन," केलेपी म्हणाला, आणि तिच्याशेजारी बसून फुंकायला लागला.