पातेल्यावर गेलेली सफारी

"ही सफारी माझी आहे," देवरे साहेब म्हणाले आणि त्यांनी हँगरवरचा हिरवा शर्ट हातात घेतला. मी इस्त्री करत होते. बाळूशेठ दारातच थांबले. केबल त्यांची, चॅनल त्यांचं, घाबरायचं कामही त्यांचंच.

तेव्हा नाशिकचे केबलवाले स्वतःचे कार्यक्रम करायचे. आमची मालिका एका कचेरीवरची होती, 'साहेब बाहेर गेलेत'. नट सगळे सातपूर-अंबडच्या कंपन्यांत नोकरीला, म्हणून शूटिंग रविवारी, पंचवटीतल्या एका हॉलमध्ये. माझ्याकडे कपडेपट. म्हणजे कोणी काय घालायचं ते आणायचं, धुवायचं, सांभाळायचं. माझी शाळा चौथीपर्यंत. या कामाला तेवढी पुरते.

नव्या कपड्यांना शेठ पैसे देत नसत. मी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून जुने आणायचे. बोहारणी घरोघर भांडी देऊन कपडे घेतात आणि तिथे विकतात. ही सफारी तिथलीच. बाटलीसारखी हिरवी, आणि खिशाला तीन पेनांसाठी तीन कप्पे शिवलेले. बघितल्याबरोबर वाटलं, हा आपला साहेब.

त्या आठवड्याच्या भागात वरचे साहेब अचानक तपासणीला येतात. आमचा साहेब जेवून झोपलेला. तो घाबरून फायलींच्या कपाटात शिरतो. शिपाई सांगतो, साहेब साइटवर गेलेत. वरचे साहेब म्हणतात, मी थांबतो, आणि त्याच्याच खुर्चीत बसून मिसळ मागवतात. कपाटातून एक हात हळूच पावाकडे येतो. शेवटी दार उघडतं आणि साहेब फायलींसकट खाली पडतो.

लोक फार हसले. शेठच्या ऑफिसात फोनवर फोन. भाजीवालीसुद्धा मला विचारायची, "निघाला का गं तुमचा साहेब बाहेर?"

देवरे साहेब मात्र हसले नव्हते. ते एका सरकारी कचेरीत अधिकारी.

"असा खिसा अख्ख्या नाशकात माझा एकट्याचा," ते म्हणाले. "आता आमचे क्लार्क मागून विचारतात, साहेब कपाटातून कधी आले? तुम्ही मलाच दाखवलंय. मी वर लेखी तक्रार करणार. हे बंद झालं पाहिजे."

"करतो ना साहेब, आजच बंद करतो," शेठ म्हणाले.

शेठचं चॅनल चालूच राहणार होतं. बंद होणार होतं ते माझं काम. पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरं कोण देणार? आणि धुणीभांडी मला करायची नव्हती.

मी म्हटलं, "साहेब, आम्ही काही तुमच्या दोरीवरून उचलली नाही. बोहारणीचा माल आहे. घरी विचारा."

त्यांनी शेठच्याच फोनवरून घरी लावला. माणूस सटाण्याकडचा, बायकोशी अहिराणीत सुरू झाला. "मनी हिरवी सफारी कोठे शे?" मग बराच वेळ नुसतं ऐकलं. फोन ठेवला आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "एका पातेल्यावर दिली."

"मोठं असेल," मी म्हटलं.

शेठनी डोळे वटारले.

"घेऊन जा तुमची," मी साहेबांना म्हटलं. "पण आधी घालून बघा."

त्यांनी शर्ट चढवला. बटणं आणि काजं यांची काही भेट होईना. पोट आत घेऊनही होईना.

"बाईसाहेबांनी उगाच नाही दिली," मी म्हटलं.

शेठनी कपाळाला हात लावला. मलाही वाटलं, आता संपलं. साहेब आरशात बघत राहिले. मग शर्ट काढून माझ्याकडे दिला.

"तुमचा नट बारीक आहे."

"कंपनीत नाइट करून येतो. बारीकच राहणार."

"पण कपाटात झकास करतो हो," ते म्हणाले. "आमच्या घरी कोणी भाग चुकवत नाही. तो हात बाहेर आला, तेव्हा आमची ही तर..." तेवढ्यात त्यांना आपण रागावून आलोय हे आठवलं. "तक्रार नाही करत. पण एकदा तरी साहेब जिंकला पाहिजे."

शेठनी तसा भाग लिहून घेतला. साहेब वेळेवर आला, कोणालाही न घाबरता कामं केली, वरच्यांनी शाबासकी दिली. त्या भागाला एकही फोन आला नाही. पुढच्या आठवड्यापासून साहेबाची फजिती पुन्हा सुरू झाली, ती मालिका संपेपर्यंत. देवरे साहेबांनी त्यावर चकार शब्द काढला नाही.

मी एवढंच केलं. त्यानंतर जुना कपडा आणला की आधी खिसा उसवायचा, दुसरा लावायचा, मगच तो नटाच्या अंगावर चढवायचा.