आबांच्या पायाची शीर

लिंबायतच्या आमच्या खोलीत आबा मोरीतून लंगडत बाहेर आले, तेव्हा फरशीवर रक्ताची पावलं उमटत होती. बारा बारा तास कापडाच्या लूमवर उभं राहून त्यांच्या पोटऱ्यांपासून घोट्यांपर्यंत शिरांच्या निळ्या गाठी आल्या होत्या. कारखान्यात स्टूल ठेवायला बंदी. कामगार बसला की आळशी होतो, असं शेठ गादीवर बसून सांगायचा. त्यातलीच घोट्याजवळची एक शीर आंघोळ करताना फुटली.

आबांनी गुडघ्याखाली चिंधी आवळून बांधली होती. मी ती आणखी आवळली. रक्त जास्तच यायला लागलं.

"तुनाच कागदमा शे," आबा म्हणाले.

खरं होतं. लूमवरचा धावता धोटा लागून हात फाटतात, म्हणून पत्रक मीच लिहिलं होतं, गेटवर मीच वाटलं होतं: रक्त आलं की जखमेच्या वर घट्ट बांधा. आबांना वाचता येत नव्हतं. शेजारच्या लूमवाल्याकडून त्यांनी ते वाचून घेतलं होतं.

आई समोरच्या नर्सबाईंना घेऊन आली. त्यांनी आधी चिंधी सोडली, आबांना आडवं केलं, त्यांची टाच माझ्या खांद्यावर ठेवली आणि फुटल्या जागेवर स्वच्छ रुमाल ठेवून माझा अंगठा दाबला.

"पत्रकवाल्या बाई, रक्त उडतंय का?"

"नाही. वाहतंय. काळपट आहे."

"मग ही धमनी नव्हे. धमनीतलं रक्त हृदयाकडून येतं, लालभडक, ठोक्याठोक्याला उडतं. हे शिरेतलं, काम उरकून परत वर निघालेलं. तू वरची वाटच बांधलीस, मग ते जाणार कुठं? आणि धमनी असली तरी आधी दाबायचं असतं."

मी दाबत राहिले. टाच जरा हलली की आबा माझ्या गुडघ्याला हात लावून कपाळाला लावत.

"आबा, हलू नका."

"पाय लागस ना तुले."

पंधराएक मिनिटांनी रक्त थांबलं. दवाखान्यात पट्टी करून येताना रिक्षात मी विचारलं, कागदातलं अजून कोणाला सांगितलंत?

"सगळासले," आबा म्हणाले. "मनी पोरनी लिखेल शे, म्हनीसन."

त्यांना घरी झोपवून, पायाखाली दोन उशा ठेवून मी पाळी सुटायच्या आत गेटवर पोचले. एकेकाला थांबवून सांगितलं, माझं चुकलं.